अर्धं सूत डावीकडे

फेब्रुवारीत कॅन्ससची जमीन इतकी सपाट
की उभे दिसतात ते फक्त गव्हाचे सायलो,
आणि आमच्या गॅरेजात व्हर्लिन आडवा,
गाडीखाली, पाठीला पुठ्ठा.
मी बाहेर. दोरीचं दुसरं टोक माझ्याकडे.

एकोणतीस हिवाळे धरलंय हे टोक.
आधी ओळंबा. चेसिसच्या बोल्टावरून सोडायचा,
तो डोलतो, स्वतःभोवती फिरतो,
थांबेपर्यंत आपण बोलायचं नाही.
मग त्याच्या टोकाखाली फरशीवर फुली.
अशा चार फुल्या झाल्या की मधोमध खडूची दोरी ताणून
टणकन सोडायची. निळी रेघ उमटते,
पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत.
"पत्र्यावरून मोजू नकोस," खालून आवाज.
दर वर्षी सांगतो. पत्रा खोटं बोलतो म्हणे,
ग्रेट बेंडला भिंत चाटल्यापासून तर फारच.

मग कर्ण. ह्यातलं मला कळतं.
चर्चच्या लिलावासाठी मी रजया शिवते;
चारी बाजू सारख्या भरल्या तरी रजई तिरकी निघू शकते.
कोपऱ्यातून कोपऱ्यात टेप धरा, मग बोला.
ॲक्सलचंही तेच.
डाव्या बोल्टापासून उजव्या टोकाला: एकाहत्तर इंच तीन सूत.
उजव्यापासून डाव्याला: एकाहत्तर, तीन सूत.
"परत मोज, ओलीटा."
परत तेच.

पण सप्टेंबरात हिरवा दिवा लागला की
गाडी डावीकडे ओढायची. दर वेळी.
साठ फूटही गेली नसेल तोवर
स्टिअरिंग उजवीकडे दाबून त्याचे मनगट पांढरे.
घरी आल्यावर त्यानं दांडे फिरवले,
एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे,
दांडा न काढता लांब होतो, आखूड होतो.
पाव फेरा. अर्धा. पाव मागे.
टायर बदलले, त्यांचे परीघ मोजले,
डेलमर कूपचा लेसर मागून आणला.
लेसर म्हणाला, बरोबर मधोमध.
डेलमर कॉफी पिऊन गेला.

सीटवर वाळूच्या पिशव्या आहेत.
माप घेताना गाडी अशी बसली पाहिजे
जशी तो आत असताना बसते.
म्हणून पाच पिशव्या, दोनशे बारा पौंड,
त्याच्याच जुन्या जीन्सच्या, मीच शिवलेल्या.
बेल्ट लावून बसतात, शहाण्या.
दोनशे बारा. शिवल्या त्या वर्षीचा तो.

ऑगस्टात त्याच्या पट्ट्याला मी खिळ्यानं भोक पाडलं.
नोव्हेंबरात आणखी दोन.
विचिटाच्या डॉक्टरकडे काट्यावर उभा राहून
तो छत बघतो, आकडा मी बघते.
गाडीत परत आल्यावर हवामानावर बोलतो आम्ही.

आज तो पाना शोधत होता तेवढ्यात
मी दार उघडलं, बेल्ट सोडला,
एक पिशवी उचलली. बेचाळीस पौंड.
डावी स्प्रिंग हलकेच वर आली,
इतकं की कान नसतील तर कळणार नाही.
मागचा ओळंबा अजून लटकतच होता.
डोलला. फिरला.
थांबला तेव्हा फुलीवर नव्हता.

गाडीखाली काही हललं नाही बराच वेळ.
हीटर घरघरत होता.
मग तो म्हणाला, "किती?"
पौंड विचारतोय की सूत, मला कळेना.
"अर्धं सूत," मी म्हणाले.
"डावीकडे?"
"डावीकडे."

त्याचा हात बाहेर आला, तळवा वर, काळा.
मी पाना ठेवला त्यावर.
"दांडा धर तिकडून," तो म्हणाला,
"आणि त्या बाजूचे आटे उलटे आहेत."
मला माहीत आहे, म्हटलं.
एका हातानं धरला.
दुसऱ्या हातात पिशवी अजून तशीच होती,
कडेवर.